रुग्णाची माहिती : ताप, डोकेदुखी

१८ एप्रिल, शनिवार

आज सीटी स्कॅनच्या खोलीची किल्ली तिला दिली. दिली कसली, द्यायला लावली! मोठ्या सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "लताताई, सोमवारपासून सीटी चंदना बघेल. तुम्ही एक्स-रे सांभाळा."

सांभाळा म्हणे. एकोणीस वर्षं झाली मला जव्हारच्या या दवाखान्यात. संस्थेनं सीटीचं मशीन आणलं तेव्हा खोकी उतरवून घ्यायला मी उभी होते. पाच वर्षं ते मशीन माझ्याच ताब्यात होतं. आणि ही पोशेऱ्याची चोवीस वर्षांची पोरगी, गेल्या ऑगस्टात लागलेली, तीही कंत्राटी! मीच शिकवलं तिला टेबल वर-खाली कसं करायचं ते.

कारण काय, तर मुंबईच्या मॅडम तिच्यावर खूश आहेत. आमच्याकडे स्कॅन वाचणारा डॉक्टर नाही. आम्ही स्कॅन काढतो, नेटवरून मुंबईला पाठवतो, तिथे मॅडम बघतात आणि रिपोर्ट लिहून पाठवतात. त्या सरांना म्हणाल्या, "चंदनाने पाठवलेली केस वाचायला बरं वाटतं." म्हणजे इतकी वर्षं माझ्या केसेस वाचताना त्यांना काय ठसका लागत होता?

किल्लीला मी लाल दोरा बांधलेला होता. तो सोडून घेतला. किल्ली दिली, दोरा नाही दिला.

२० एप्रिल, सोमवार

चंदनाबाई काय लिहितात ते आज मुद्दाम बघितलं. स्कॅनबरोबर एक फॉर्म जातो. त्यात एक चौकोन असतो — रुग्णाची माहिती. मी तिथे दोन शब्द लिहायचे. "ताप, डोकेदुखी." किंवा "झाडावरून पडला." झालं! बाहेर बाकावर वीस माणसं खोळंबलेली असतात. आपलं काम स्कॅन काढणं. बाकीचं डॉक्टरांनी बघावं.

ही अर्धं पान लिहिते. आधी पेशंटशेजारी उकिडवी बसते, त्यांच्या बोलीत गप्पा मारते — गुरं कोण राखतं, कुठल्या झिऱ्याचं पाणी पिता, कामाला कुठं गेलेला. आणि शेवटी एक ठरलेला प्रश्न, प्रत्येकाला : "पान्यात उतरलेला का? नाकात पानी गेलेला का?" आज आंब्यावरून पडून हात मोडलेल्या म्हाताऱ्यालासुद्धा विचारलं! तो बिचारा म्हणाला, "आंब्यावं कुठलां पानी, बाय?"

मी चहाच्या वेळी हे सगळं करून दाखवलं. लॅबचा रोहिदास तर चहा सांडेपर्यंत हसला. "नाकात-पाणी मॅडम" असं नाव पडलं तिचं. तीही थोडी हसली. मी विचारलं, "का गं विचारतेस हे?" म्हणाली, "असंच, ताई."

खरं सांगायचं तर मला एका गोष्टीचं जास्त लागतं. तिच्याशी ते बोलतात. मी एकोणीस वर्षांत "श्वास रोखून धर" एवढंच त्यांच्या बोलीत शिकले. माझ्याकडे बघतात ते तलाठ्याकडे बघितल्यासारखं.

२३ एप्रिल, गुरुवार

तिने करवंदं आणली. पानांचे द्रोण करून. पहिला द्रोण माझ्या टेबलावर. मी म्हटलं, मला आंबट सोसत नाही. सगळे गेल्यावर चार खाल्ली. गोड होती.

२९ एप्रिल, बुधवार

हे मला न्यायला आले होते. शाळेला सुटी, म्हणून लवकर आले. मी हात धुऊन येते तर व्हरांड्यात चंदनाशी गप्पा! तिच्या घरचं विचारत होते. मी पोचले तेव्हा ती म्हणत होती, "आम्ही दोघं भावंडं होतो, सर. भाऊ तापात गेला." ह्यांचा चेहरा लगेच पडला. मी म्हटलं, "चला, उशीर होतोय." इकडे कुठल्या घरात कोणी तापानं गेलेलं नाही? त्याचं काय कौतुक करायचं!

गाडीवर बसल्यावर म्हणतात, "किती मुद्द्याचं बोलते गं मुलगी!" बावीस वर्षं संसार झाला. माझं एक वाक्य ह्यांना मुद्द्याचं वाटलेलं मला आठवत नाही. घरी आल्यावर मी आमटीत मीठ घालायचं विसरले. विसरले म्हणजे आठवण होती.

४ मे, सोमवार

आता समजलं! मुंबईला जूनमध्ये पंधरा दिवसांचं ट्रेनिंग आहे. मेंदूच्या स्कॅनचं. आमच्या दवाखान्यातून एकच नाव जाणार, आणि नाव मुंबईच्या मॅडम ठरवणार. गेल्या वर्षी सरांनी मला शब्द दिला होता — "पुढच्या वेळी तुम्ही."

म्हणूनच बाईसाहेब ड्यूटी संपल्यावर बसतात. पाच वाजता मी छत्री घ्यायला त्या खोलीत गेले (मुद्दाम ठेवली होती तिथे, मे महिन्यात छत्री कशाला लागते!), तर ही अंधारात पडद्यावर कुणाचातरी जुना स्कॅन लावून बसलेली. मेंदूचा. नाक पडद्याला टेकेल इतकी पुढे वाकलेली. मला बघून पटकन स्कॅन बंद केला.

"काय बघतेस?"

"शिकते, ताई."

शिकते! मॅडमना दाखवायला! सहाची शेवटची जीप चुकली तर बस म्हणावं स्टँडवर.

११ मे, सोमवार

आज एक पोरगी आली. लाडकी नाव. सोळा वर्षांची, मोखाड्याच्या पलीकडच्या पाड्यावरची. दोन दिवस ताप, डोकं धरून ओरडते, ओकते. मान ताठ. बरोबर आई, कमू. आई सारखी सांगत होती, "डोहानं धरली माझ्या पोरीला." सिस्टर म्हणाल्या, आधी भगताकडे नेऊन आणली असणार.

चंदनाने स्कॅन काढला. मग फॉर्म भरला. पोरीला वॉर्डात न्यायला माणूस नव्हता, तर स्वतःच सलाइनची बाटली धरून निघाली. जाताना मला म्हणाली, "ताई, एवढं मुंबईला पाठवाल का? फक्त बटण दाबायचंय."

तीन आठवड्यांनी मी माझ्या खुर्चीवर बसले. चौकोनात भलंमोठं लिहिलेलं. वय, गाव. पाच दिवसांपूर्वी वाडीतल्या सगळ्यांनी आटत आलेला डोह ढवळून मासे धरले. (हे दरसाल करतात. गाळ ढवळला की मासे गुदमरून वर येतात, मग हाताने धरायचे.) पोरगी डोकं बुडवून धरत होती. पाणी कोमट, गढूळ. नाकातून डोक्यापर्यंत झोंबलं असं सांगते. आज सकाळपासून कशाचाच वास येत नाही. मान कडक.

मी ते वाचलं. आणि पुसलं. तिथे लिहिलं — ताप, डोकेदुखी. आणि बटण दाबलं.

खोटं कशाला लिहू, इथे कोण वाचतंय? मला बरं वाटलं. फॉर्मवर कादंबऱ्या लिहितात का? मासे धरले म्हणे!

सहाच्या सुमाराला रिपोर्ट आला — टीबीचा मेंदूज्वर असावा. चंदना तेव्हा जीपमध्ये बसून गेली होती. सरांनी टीबीची औषधं सुरू केली. बघा, दोन शब्दांत भागलं की नाही!

१२ मे, मंगळवार

कुठून सुरुवात करू?

सकाळी चंदना आली, रिपोर्ट वाचला, फॉर्म उघडला. मी दारातच होते. चौकोनातले दोन शब्द तिने बघितले. मला वाटलं, आता वळून माझ्याकडे बघेल. वळली नाही. परत पडद्यावर काहीतरी उघडून बघत बसली. मग स्वतःच्या मोबाइलवरून सरळ मुंबईच्या मॅडमना फोन! सरांना न विचारता! डोह, गाळ, नाक, वास — सगळं घडाघडा सांगितलं आणि म्हणाली, "मॅडम, कपाळामागे, मेंदूच्या तळाशी बघा. तिथल्या काळ्या फटी बुजल्यात. सूज तिथून चढलीय, नाकाच्या वरून."

मॅडमनी पुन्हा स्कॅन उघडला. मग त्यांनीच सरांना फोन केला. सूज आहे म्हणाल्या, पण नुसत्या सुजेवर त्यांनी टीबीच म्हटलं असतं, टीबीत पण तळाशीच दिसतं. पाण्याचं कळलं म्हणून शंका येते. गरम, साचलेल्या पाण्यात एक अमीबा असतो. नाकातून शिरतो आणि वासाच्या नसेवरून मेंदूत जातो. फार कमी लोकांना होतो, पण झाला की फार कमी वाचतात. पाठीतलं पाणी काढून लगेच बघा, म्हणाल्या — आणि फ्रीजमध्ये ठेवू नका, गार झालं की तो हलायचा थांबतो, मग ओळखू येत नाही.

सरांनी पाठीतलं पाणी काढलं. सिस्टर सवयीने नळी घेऊन फ्रीजकडे निघाल्या. आमच्याकडे सगळे नमुने दुपारची गाडी सुटेपर्यंत फ्रीजमध्येच ठेवतात. चंदनाने त्यांच्या हातातून नळी काढून घेतली, मुठीत धरली आणि तशीच पळाली रोहिदासकडे. तो बिचारा मलेरियाच्या काचा बघणारा माणूस. थेंब काचेवर घेतला, डोळा लावला. काच जराशी सरकवली. मग एकदम, "आयला! हे चालतंय!"

सगळ्यांनी पाळीपाळीने बघितलं. मीही बघितलं. एवढासा जीव. एका बाजूने फुगतो, पाय काढल्यासारखं करतो आणि सरकतो. तो त्या पोरीच्या डोक्यात आहे. मी जाऊन एक्स-रेच्या खोलीत बसले.

अकरा वाजता लाडकीला अँब्युलन्समधून मुंबईला नेलं. औषध तिथे मागवून ठेवतो म्हणाल्या मॅडम. कमूने चंदनाचा हात धरला होता. "वाचंल ना गं बाय?" चंदना म्हणाली, "आपण बघितलंय त्याला आता, मावशी. आता त्याला लपता येत नाय."

नंतर सरांनी सगळ्यांना बोलावलं. "हा एकेका तासाचा खेळ आहे. पाण्याची माहिती कालच फॉर्मवर का नव्हती?"

मी तिथेच होते.

चंदना म्हणाली, "माझ्याकडून राहिली, सर."

सर तिला सगळ्यांसमोर बोलले. चांगलेच बोलले. ती खाली मान घालून उभी. मी खिडकीबाहेर बघत होते. टँकर आला होता, सगळे हंडे घेऊन पळत होते.

१३ मे, बुधवार

माझं नाव का घेतलं नाही तिने? मोठेपणा दाखवायचा असेल. मला नको तिचा मोठेपणा!

१६ मे, शनिवार

पेपरवाला आला होता. फोटो निघाला. मधे सर, एका बाजूला रोहिदास सूक्ष्मदर्शक कडेवर घेतल्यासारखा धरून, एका बाजूला चंदना. मी कडेला होते. छापून आला त्यात माझा अर्धा दंड आहे आणि बांगड्या. ह्यांनी तो पेपर जपून ठेवला, शाळा उघडली की वर्गातल्या मुलांना वाचून दाखवायला! म्हटलं, "बायकोचा दंड पण दाखवा." तर हसले. मी गंमत केली असं वाटलं त्यांना.

लाडकी बेशुद्धच आहे.

माणसं पाड्यांवर सांगायला पाठवली, डोहात बुडू नका म्हणून. एक म्हातारा म्हणे भांडलाच, "मंग मासं काय झाडाव लागतात?" चंदना त्याला म्हणाली, "मासं धरा ना, बाबा. डोका वर ठेवा, पोरांना गाळात बुडू देऊ नका." ते ऐकलं त्याने. माझं कोण ऐकतं!

२२ मे, शुक्रवार

ट्रेनिंगला चंदनाचं नाव. दहा जूनला निघणार. सर मला म्हणतात, "तुम्हालाही अभिमान वाटत असेल, तुमच्या हाताखाली तयार झाली!" मी "हो ना" म्हटलं. दात इतके आवळले होते की जेवताना दाढ दुखली.

तिच्या जागी मी असते तर? मला लाडकी टीबीचीच वाटली असती. हे मला माहीत आहे म्हणून तर जास्त जळते मी. दुसऱ्याला फुकट मिळालं तर माणूस चार शिव्या घालून गप्प बसतं. हिला येतं म्हणून मिळालं, त्याला मी काय करू?

२ जून, मंगळवार

लाडकीने डोळे उघडले! आईला हाक मारली. एक पाय अजून नीट उचलत नाही, वास येत नाही, पण डॉक्टर म्हणतात धोका टळला. अशी माणसं बोटावर मोजण्याइतकीच वाचतात म्हणे.

बातमी कळली तेव्हा मी एका माणसाची छाती एक्स-रेवर लावत होते. "श्वास रोखून धर" म्हटलं आणि माझाच रोखला. मग खोलीत जाऊन रडले. अकरा मेच्या संध्याकाळपासून बारा मेच्या सकाळपर्यंत चौदा तास होतात. ते चौदा तास माझे. त्यात ती पोरगी गेली असती तर? देवा, वाचवलंस. तिला आणि मला.

बाहेर आले तर सगळे चंदनाभोवती गोळा! सिस्टरनी तर मिठी मारली. मुंबईहून मॅडमचा व्हिडिओ कॉल. झालं, माझं रडू तिथेच आटलं. पोरगी वाचली याचा आनंद आहे, पण ती हिच्यामुळे वाचली हे गिळता येत नाही. मी अशी का आहे?

५ जून, शुक्रवार

सापडलं एकदाचं.

नियम आहे — डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय जुन्या पेशंटची फाईल उघडायची नाही. हिने तर रोज संध्याकाळी उघडली आहे. मी डोळ्यांनी बघितलंय! आणि मशीनमध्ये सगळी नोंद राहते, कोणी कोणती फाईल किती वाजता उघडली. इंजिनियरला फोन केला. सरांना हवीय म्हटलं, ऑगस्टपासूनची चंदनाची यादी पाठव. सोमवारी देतो म्हणाला.

अर्ज लिहून तयार आहे. "रुग्णांच्या गोपनीयतेचा भंग" असं वाक्य घातलंय, ह्यांच्याकडून शुद्धलेखन तपासून. कोणासाठी ते सांगितलं नाही. सोमवारी यादी जोडायची की सरांच्या टेबलावर. दहा तारखेला कशी जाते मुंबईला ते बघू.

आज तिने विचारलं, "ताई, मी गेल्यावर सीटी तुम्ही बघाल ना? किल्ली तुमच्याकडेच देते." मी म्हटलं, बघू.

८ जून, सोमवार

यादी आली. दहा महिन्यांत तिने एकच जुनी फाईल उघडली आहे. त्रेचाळीस वेळा तीच. पहिल्यांदा एक ऑगस्टला सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी, म्हणजे नोकरीच्या पहिल्या दिवशी. शेवटची बारा मेला, मुंबईला फोन करायच्या आधी.

मी ती उघडली.

जगन सावळा झुगरे. वय सतरा. पोशेरा. दोन वर्षांपूर्वीचा मे. हजेरीपटावर रोज माझ्या सहीखाली सही असते — चंदना सावळा झुगरे.

कपाळामागे, मेंदूच्या तळाशी, फटी बुजलेल्या. लाडकीसारख्याच. रिपोर्ट : टीबीचा मेंदूज्वर असावा. रुग्णाची माहिती : ताप, डोकेदुखी. त्याच्याखाली तंत्रज्ञाचं नाव. माझं.

मला तो मुलगा आठवत नाही. सकाळपासून आठवून बघतेय. बाकावर त्याच्याशेजारी त्याची बहीण बसलेली असणार. तिला मी काहीच विचारलं नसणार.

तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आणि करवंदांचा पहिला द्रोण तिने माझ्या टेबलावर ठेवला होता.